मामांच्या मागावर

सशांच्या खुराड्याचे दार उघडण्यापूर्वी मामा बाहेर थांबून खाकरायचे. घरात लेकीसुना असल्या की वडीलधारी माणसे ओटीवरून खाकरतात ना, अगदी तसे. मग म्हणायचे, "येतंय रं. आवरा." आणि वाकून आत शिरायचे. ससे काय आवरणार, असे मी एकदा विचारले.

"भाऊसाहेब, घाबरलेला ससा पाला खात नाय. खाकरलं की त्यांना कलतं, घरचाच मानूस हाय."

ते नेमके कोणाचे मामा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. गाव कल्याणच्या खाडीकाठी. अर्धे आयुष्य मिठागरात गेले. तळपाय मिठाने फाटले तेव्हा साहेबाच्या बंगल्यावर कुत्री सांभाळायला आले. साहेब रेल्वेचा गोरा इंजिनियर. मी त्या बंगल्यावरचा कारकून. सामान, नोकर, दाणागोटा, सगळे माझ्याकडे. यादी केल्याशिवाय मला काम सुचत नाही, हे सगळ्यांना माहीत होते. मी यादी वाचू लागलो की मामा शेवटपर्यंत शांतपणे मान हलवायचे आणि म्हणायचे, "लय लिवलंत. आता जेवा."

त्या वर्षी पावसाळा सरताना साहेबाच्या विलायती कुत्रीला चार पिल्ले झाली. लांब कान, आखूड पाय. ही जात डोळ्यांनी नव्हे, नाकाने शिकार करते. सशाच्या वासावर भुंकत भुंकत माग काढायचा आणि शिकाऱ्याला ससा दाखवून द्यायचा, एवढेच तिचे काम. पण ते शिकवावे लागते. त्यासाठी साहेबाने नदीकडच्या झुडपाळ जागेत आवार बांधायला सांगितले.

यादी मी केली. भोवती बांबू आणि तारेची जाळी. जाळी हातभर जमिनीत गाडायची, नाहीतर ससे उकरून पळतात. आत काट्याकुट्यांचे ढीग, त्यांना ससा शिरेल पण पिल्लू शिरणार नाही एवढीच भोके. एका कोपऱ्यात खुराडे, त्यावर पेंढ्याचे छप्पर. पाण्याच्या कुंड्या. मुंबईच्या बाजारातून पांढरे-करडे ससे पाटीतून आले, त्या दिवशी मामांनी अंगणात गोमूत्र शिंपडले. मी म्हटले, "मामा, हे काय?" तर म्हणाले, "नवीन बिऱ्हाड हाय ना."

दिवाळीनंतर शिकवणी सुरू झाली. पिल्लांना साहेबाने इंग्रजी नावे दिली होती. ती मामांच्या तोंडी बसेनात. त्यांनी मिरी, तांबू, चंपी अशी नावे ठेवली. चौथे जरा मंद, त्याचा ढम्या. रोज सकाळी मामा खुराड्यातून एक ससा काढायचे. कान धरून उचलणे त्यांना पटत नसे. बंडीच्या आत छातीशी धरून न्यायचे, आवारभर वळणे घेत चालायचे आणि काट्याच्या ढिगाजवळ सोडायचे. ससा भोकात गडप. मग पिल्ले मोकळी. ती नाक जमिनीला लावून, भुंकत, वळणावळणाने थेट ढिगापाशी पोचायची, आणि मामा कमरेची भाकरी मोडून प्रत्येकाला तुकडा द्यायचे. पाहणारे खूश. मीसुद्धा साहेबाला सांगितले की पिल्ले तयार आहेत.

संक्रांतीच्या सुमारास साहेब चार पाहुणे घेऊन पाहायला आला. हातमोजे घालून त्याने स्वतः पेटीतून ससा सोडला. मामा आमच्यात, जाळीबाहेर उभे. ससा टुणटुणत गेला. पिल्ले सुटली, त्या मागावरून हुंगत एकदा आडवी गेली आणि थांबली. मग मिरीने मान वर केली. दुसऱ्या क्षणाला चारही गळा काढून आमच्याकडे धावत आली आणि जाळीवर पंजे टाकून मामांकडे पाहत शेपट्या हलवू लागली.

काय झाले होते ते तुमच्या ध्यानात आले असेल. ससा मामांच्या छातीशी, चाल मामांची, भाकरी मामांची. पिल्ले इतके महिने सशाचा नाही, मामांचा माग काढत होती.

पाहुणे हसले. साहेब हसला नाही. "मामा," तो म्हणाला, "निकम्मा कुत्ता हम नहीं रखता. होली तक देखेगा." पुढचे त्याने बोलायची गरज नव्हती. निकामी कुत्र्याचे त्या बंगल्यावर काय होते, ते आम्ही पाहिलेले होते. बंदूक दिवाणखान्यातच असे.

संध्याकाळी मामा खुराड्याच्या पायरीवर बसले होते. मी सरळ मुद्द्याचे बोललो. "मामा, यापुढे ससे पाहणारा वेगळा आणि कुत्री पाहणारा वेगळा. दुसरा उपाय नाही. तुम्ही कुठले घेता?"

मला वाटले, कुत्री म्हणतील. त्यांना बायको नव्हती, मूल नव्हते. पिल्लांच्या आईचे बाळंतपणही त्यांनीच केले होते. ते पाय चोळत राहिले.

"ससंच द्या मना. मी पुढं ऱ्हायलो त ती माज्याच मागं येतील. मरतील बिचारी."

पिल्ले साहेबाची घोडी पाहणाऱ्या मोतद्दाराकडे गेली. मामा पिल्लांसमोर येईनासे झाले. सशांना पाला घालायचा तो पिल्ले फिरायला गेल्यावर. बंगल्याकडे यायचे तर नदीकाठाने वळसा घालून, वाऱ्याची खालची बाजू धरून, म्हणजे वास जाऊ नये. दिवेलागणीला मात्र माझ्या खोलीच्या खिडकीशी हजर.

"जेवली?"

"जेवली."

"चंपीच्या कानात गोचीड व्हता."

"काढला मोतद्दाराने."

"ढम्या?"

"ढम्या ढम्याच आहे, मामा."

"तो उशिरा शिकतं. मारू नका म्हनावं त्याला."

होळीच्या आदल्या दिवशी साहेबाने पुन्हा पेटी उघडली. या वेळी मामा दूर, जांभळीच्या झाडाआड, आणि मी त्यांच्यापाशी. तिथून आवार दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. आधी सारे चिडीचूप. मग एक बारीक भुंकणे.

"मिरी," मामा म्हणाले. "मागावर हाय."

दुसरा आवाज. "तांबू." तिसरा. "चंपी." आवाज आमच्यापासून दूर दूर, ढिगांकडे सरकत होते. मामांनी माझे मनगट धरले होते, ते दुखू लागले. "चौथा कुटं हाय? भाऊसाहेब, चौथा?"

मला तर सगळी भुंकणी सारखीच. शेवटी एक घोगरा, ओबडधोबड आवाज उठला, आणि तोही ढिगांच्याच दिशेने गेला.

मामांनी माझे मनगट सोडले. "गेला," म्हणाले, "सशामागं गेला." डोळे पुसायला त्यांनी बंडी वर केली, आणि आतून सशाचे केस उडाले.

उन्हाळ्यात साहेबाची बदली वर नागपूरकडे झाली. कुत्री पेटाऱ्यातून गाडीने जायची होती. मामांना मी म्हटले, आता भेटा, आता काही बिघडत नाही. सशांचा वास जावा म्हणून त्यांनी नदीवर जाऊन रिठ्याने अंग घासले. मी दिलेले कोरे धोतर नेसले. कल्याणच्या फलाटावर आम्ही पोचलो तेव्हा पेटारा मालडब्यात चढवलेला होता. मामा लांबच उभे राहिले. एवढ्यात पेटाऱ्यातून एकदम चौघांचा गळा उठला, त्या आवारातला, मागावरचा. हमाल दचकले.

साहेब डब्यातून वाकून म्हणाला, "मामा, तुम को खरगोश समझा!"

गाडी हलली.  मामांनी कोऱ्या धोतराचा सोगा नाकाशी नेऊन हुंगला आणि मला विचारले, "भाऊसाहेब, सशाचाच वास व्हता का वो?"

"नाही, मामा," मी म्हटले. "तुमचाच."

पुढच्या पावसाळ्यात मामा गेले. आवाराची जाळी काढून नेली, ससे ज्याने त्याने नेले. खुराडे रिकामे करायला मीच गेलो होतो. आत काही नव्हते. तरी दाराशी थांबून मी खाकरलो.