पडद्यावरचा मोठा ठिपका
"हा ठिपका तं झोपूनच राह्यला," साहेब भिंतीवरच्या पडद्यातल्या सगळ्यांत बारक्या ठिपक्याकडे बोट दाखवत मॅनेजरला म्हणाले आणि मी मान खाली घातली. संत्रं सोललं की मला अमरावतीतलं ते छोटं ऑफिस आठवतं. कापूस बुडण्याच्या त्या वर्षांत आम्ही तिथे शेतकऱ्यांच्या मदतयाद्यांचं सॉफ्टवेअर बनवत होतो. पडद्यावर आम्हा सहाजणांचे रंगीत ठिपके असत. ज्याच्या नावावर जास्त कोड, त्याचा ठिपका मोठा. माझा सगळ्यांत मोठा होता आणि अचलपूरहून एसटीनं येणाऱ्या, आम्ही जिला आपा म्हणायचो तिचा, मोहरीएवढा. "महिनाअखेर तिले घरी बसवा," साहेब म्हणाले. आपाला काढायचं कशासाठी, मला समजेना. प्रोग्राम अडला तरी मी कुणाला विचारत नसे, नुसती बसून राही. आपाच स्टूल ओढून यायची. "काहून रडकं तोंड केलं? सरक तिकडं!" म्हणत माझ्या कम्प्युटरवर, माझ्याच नावाखाली सगळं नीट करून जायची. मग कीबोर्डला दिवसभर संत्र्याचा वास येई. म्हणजे चित्र खोटं होतं का? पण कोड तर खरंच माझ्या नावावर होता. त्या दिवशीही आपा शेजारी संत्रं सोलत होती. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. अर्धं संत्रं तिनं माझ्यापुढे ठेवलं. साहेबांशी बोलायचं तर इंग्रजीतच, असं वाटून मी मनात वाक्य जुळवत होते, ते जुळेना. एवढा वेळ मला का लागला, हे आजही उमगत नाही. शेवटी उभी राहून मी म्हणाले, "सर, त्या मोठ्या ठिपक्यात निम्मी आपा आहे."