कुणाचा तरी टाक

बारा वर्षं ही गोष्ट मी कुणाजवळ बोललो नव्हतो. बायकोजवळ नाही, आणि देवाजवळ तर नाहीच. खरसुंडीला सिद्धनाथापुढं उभा राहायचो तेव्हा हात जोडलेले असायचे, पण नजर मी दुसरीकडं ठेवायचो. सोबतच्यांना वाटायचं, माणूस भाविक आहे, डोळे भरून आले असतील.

आम्ही विट्याकडचे, गलाईवाले. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, हा धंदा. माझी पंचवीस वर्षं मदुराईत गेली. धाकटा भाऊ संजय सुरुवातीला माझ्याबरोबरच होता, पण आमचं पटलं नाही. तो गावी परतला आणि शेवटची तीन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मग कावीळ होऊन तो गेला. चाळिशीही झाली नव्हती.

आमच्याकडं घरातला पुरुष गेला की चांदीच्या पत्र्यावर त्याचा टाक ठोकून देव्हाऱ्यात बसवतात. घोड्यावर बसलेला असतो, त्याला वीर म्हणतात. आईनं दिवसकार्यानंतर स्वतःचे पायातले तोडे काढून माझ्या हातात दिले. म्हणाली, "ह्यातनं माझ्या संजाला घडव. तुझ्याच हातनं हू दे." मी ते मदुराईला नेले आणि दुकानातल्या खणात टाकले. राग अजून गेला नव्हता. मेलेल्यावरही माणूस राग धरतो, हे मला तेव्हा कळलं. आठ-दहा महिने ते तिथंच पडून होते. एक दिवस कामाच्या गडबडीत ते मोडीच्या चांदीबरोबर वितळायला मुशीत गेले. मला कळलं तेव्हा त्यांची लगड झाली होती.

वर्षश्राद्धाला चार दिवस होते. आईचा रोज फोन. त्याच आठवड्यात गावाकडच्या एका सराफानं पाठवलेली जुन्या चांदीची मोड फोडली, तर तिच्यात एक टाक निघाला. घोड्यावरचा वीर, फारसा न झिजलेला. कुणाचा, कुठल्या घरचा, देव जाणे. मी तो साफ केला, चकाकवला आणि गावी नेऊन आईच्या हातावर ठेवला. तिनं डोळ्यांना लावला. म्हणाली, "नाक बघा की, हुबेहूब संजाचं." संजयची बायको मंगल शेजारी उभी होती. ती पदर पुढं घेऊन टाकाच्या पाया पडली. मी बाहेर जाऊन गाडी पुसत बसलो.

गेल्या वर्षी माझी लेक जर्मनीत बाळंत झाली. पणतू बघायचाच म्हणून आईनं हट्ट धरला. वय अठ्ठ्याहत्तर, साखरेच्या गोळ्या चालू, पण कुणाचं ऐकते? लेकीचं घर एका खोलीचं. माझी बायको तिच्याजवळ राहिली आणि आम्हा मायलेकांसाठी जावयानं जवळच एका हॉटेलात तीन आठवड्यांसाठी खोली घेतली. खोलीतच स्वयंपाकघर, भांडी, फ्रिज. बेताचंच, पण नीटनेटकं. कार्ड खाचेत घातल्याशिवाय दिवा लागत नाही, आणि शेगडीला जाळ नाही. आईनं त्या काळ्या काचेवर हात फिरवून विचारलं, "जाळ न्हाई तर भाकरी फुगंल कशी गं बाई?" ती भाकऱ्या थापायची आणि त्या फुगायच्या नाहीत, रोज त्या शेगडीला शिव्या. खालच्या काउंटरवरच्या पोराशी ती सरळ आपल्या भाषेत बोलायची, आणि तो मान डोलवायचा.

देव मागं ठेवून ती आली नव्हती. घरचे पाचही टाक तांदळाच्या डब्यात घालून आणले होते. ओट्यावर बशी मांडायची, देव धुवायचे, साखरेचा निवद. उदबत्ती तेवढी नाही, कारण धुराची घंटा वाजते असं जावयानं बजावलं होतं.

खोलीची सफाई आठवड्यातून एकदा, मंगळवारी. त्या मंगळवारी सकाळी संजयचा टाक काळवंडलाय म्हणून आईनं तो लिंबाच्या पाण्यात, एका कपात भिजत घातला. एवढ्यात लेकीचा फोन आला, बाळाला दवाखान्यात न्यायचंय, आणि आम्ही तसेच निघालो. दुपारी परतलो तर खोली चकाचक. कप धुऊन जागच्या जागी. टाक नाही.

आई खुर्चीत बसली. म्हणाली, "तो गावस्तवर मी अन्न घेणार न्हाई."

मी खाली सांगितलं. त्या पोरानं कागदावर लिहून घेतलं. खोली आवरणारी बाई आता दोन दिवसांनी येईल म्हणाला. तिचा नंबर देता येत नाही. मग मी स्वतः लागलो. आमच्या दुकानात हात धुतलेलं पाणीही फेकत नाहीत. झाडलेली धूळ, फडकं, राख, सगळ्यांतून कण निघतो. मी मोरीचा पाइप खोलून गाळ चाळला. मागच्या अंगणातल्या डब्यांतला कचरा उपसला. फरशीवर आडवा होऊन फ्रिजखाली हात घातला. मिळालं काय, तर एक चमचा आणि कुणाची तरी बटणं.

इथं मला खरं लिहायला हवं. मी शोधत होतो, पण तो सापडू नये असंही आत कुठंतरी वाटत होतं. गेला तर गेला. गावी जाऊन नवा करू, आणि त्याच्याबरोबर माझं खोटंही जाईल, कुणाला काही सांगावं लागणार नाही. दुसऱ्या दिवशी मी आईला तसं सुचवलंही.

ती म्हणाली, "नवा करशील रं. पर माझा संजा हितं परमुलखात एकलाच ऱ्हाईल, त्येचं काय?"

तिनं गोळ्या घेतल्या नाहीत. रिकाम्या पोटी घ्यायच्याच नव्हत्या. पाणी तेवढं प्यायली. लेक बाळंतीण, तिला सांगायचं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आई उठून बसली आणि तिचा तोल गेला. मी सावरलं, पलंगावर निजवलं. दोन वाक्यांचं काम होतं: आई, तो संजय नव्हताच, ऊठ, खा. तेवढं माझ्या तोंडातून निघेना. मी ओट्यापाशी गेलो. बशीत चार देव होते. सिद्धनाथाच्या टाकाकडं बारा वर्षांनी सरळ बघितलं आणि म्हणालो, मला हे होत नाही. आता तूच काय ते कर.

यापुढचं मी घडलं तसं सांगतो. बाहेरच्या बोळातून तमिळ ऐकू आलं. कुणी बाई फोनवर कुणाला तरी रागावत होती, भात लवकर का नाही लावला म्हणून. मी दार उघडलं. सफाईची ढकलगाडी, आणि मागं पन्नाशीची, सावळी, कपाळाला विभूतीचं बोट लावलेली बाई. मी तमिळमध्ये विचारलं तशी ती दचकली, मग हसली. "हे तर मदुराईचं बोलणं! चेहरा तर तिकडचा नाही." ती श्रीलंकेची, तीस वर्षं इथं. नाव सेल्वी.

मी टाकाचं विचारताच ती चपला काढून आत आली. स्टूल घेतलं, त्यावर चढली आणि ओट्यावरच्या कपाटाच्या माथ्यावरून घडी घातलेला पांढरा नॅपकिन काढला. आत टाक.

"घोड्यावरचा देव," ती म्हणाली. "उष्ट्या भांड्यांत कसा ठेवू? घरातली सगळ्यांत उंच जागा ही. चिठ्ठी ठेवणार होते, पण मला वाटलं, ज्यांचा देव आहे ते आधी वरच बघतील."

आमचा धंदाच खाली बघायचा. दोन दिवस मी फरशी, गाळ आणि कचरा बघितला. मान वर केली नव्हती.

आईनं दोन्ही हातांत टाक घेतला आणि छातीशी धरला. सेल्वीनं मला विचारलं, "कुठला देव?"

"देव नाही," मी म्हणालो. "घरात गेलेला माणूस."

"तुमचा कोण?"

तमिळ आईला कळत नाही. त्या आडोशानं असेल, किंवा आणखी कशानं, मी बोललो. "माहीत नाही. भावाचा म्हणून दिलाय. आहे दुसऱ्याच कुणाचा." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तोडे, मूस, मोड, सगळं.

ती हातातल्या नॅपकिनची परत परत घडी घालत राहिली. मग म्हणाली, "माझा भाऊ लढाईत हरवला. देह नाही, जागा नाही, काही नाही. कुठंतरी कुणीतरी आपला समजून त्याला घोटभर पाणी देत असेल, असं मी धरून चालते. तुमच्या अम्मानं ते केलंय. पण अम्माला सांगा. मला सांगून काय उपयोग?" आणि ती पुढच्या खोलीकडं गेली.

आई म्हणाली, "काय बोलत हुती ती एवढं?"

मी तिच्या पायाशी बसलो आणि आमच्या भाषेत तेच पुन्हा सांगितलं. हे जास्त अवघड गेलं.

आईनं टाक छातीवरून काढून तळहातावर धरला. "मंग बारा वर्सं मी निवद कुणाला दावला?"

"ठावं न्हाई, आई."

"आन् माझा संजा?"



ती रडली नाही. भिंतीला धरत उठली, टाक धुतला आणि बशीत, इतर चौघांपासून बोटभर अंतरावर ठेवला. "ह्येच्या घरच्यांनी ह्येला मोडीत घातला. आपल्यात जेवला. आता ह्यो कुठं जातुय? ऱ्हाऊ दे." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "पर माझ्या लेकाला त्येच्या थोरल्या भावानं उपाशी ठिवलं."

  तिनं पिठाचा डबा ओढला. "जा, पाणी दे. भाकरी टाकते. तूबी दोन दीस धड खाल्लं न्हाईस." त्या दिवशी तिनं अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि गोळ्या घेतल्या. मी पहिल्यांदा मान वर करून जेवलो.

ही कृपा म्हणायची की कामावर आलेली एक बाई, यावर मी वाद घालत नाही. मी सुटका मागितली होती ती टाक हरवून. मिळाली ती टाक सापडून. माझ्या मनासारखं झालं असतं तर मी आजही खरसुंडीला नजर चुकवत उभा असतो. आपण काय मागावं हेही आपल्याला कळत नाही, एवढं त्या खोलीत मला कळलं, आणि तेव्हापासून मागणं कमी झालंय.

गावी आल्यावर संजयचा टाक मी माझ्या हातानं ठोकला. नाक जमलं नाही. आई म्हणाली, असू दे. खरसुंडीला नेऊन देवाच्या पायाला लावला आणि घरी बसवला. ज्या सराफाची ती मोड होती तो वारला. त्याच्या मुलाला काही सांगता आलं नाही. त्यामुळं आमच्या देव्हाऱ्यात आता दोन वीर आहेत, आणि आई दोघांनाही निवद दाखवते.

परवा मंगलनं दिवा लावताना पुन्हा विचारलं, "आवं भावजी, ह्यो दुसरा कोण?" आई आतून म्हणाली, "त्येलाच इचार." मी म्हणालो, सांगतो नंतर, आणि गाडीची किल्ली घेतली.

बारा वर्षं मंगल रोज सकाळी ज्याच्या पाया पडली तो तिचा नवरा नव्हता. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ते तिचं माझ्याकडं राहिलं आहे.