यंत्राला दाखवलेली पाठ

ज्याच्या हातात तुमचा जीव आहे, त्याच्याकडे पाठ करून बसायची तयारी आहे तुमची? लगेच हो म्हणू नका. बसमध्ये डोळा लागतो ती गोष्ट वेगळी, तिथे ड्रायव्हरचं तोंडही आपण बघितलेलं नसतं. मी ओळखीच्या माणसाबद्दल विचारतोय.

आमच्या धक्क्यावर तशी रीत आहे. बोटीचं चाक दुसऱ्याच्या हाती दिलं, की देणाऱ्याने मागे तोंड करून बसायचं. पुढे बघत राहिलात, तर चाक धरणाऱ्यावर तुमचा भरवसा नाही असा अर्थ होतो, आणि संध्याकाळपर्यंत तो अख्ख्या धक्क्याला कळतो. मावशीने पहिल्यांदा चाक धरलं, तेव्हा तिचे वडील मागे वळून दोरीच्या गाठी सोडवत बसले. खाडी ओलांडेपर्यंत त्यांनी एकदाही मान फिरवली नाही. ‘त्या पाठीएवढं माझं कौतुक पुढे कुणी केलं नाही,’ असं मावशी अजून सांगते, आणि नवरा जवळपास असला तर त्याच्याकडे बघून सांगते.

मावशी म्हणजे आमची बोटवाली. पलीकडच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, भाजीवाले, कॉलेजची पोरं, सगळ्यांना तीच नेते-आणते. छोटी मोटरबोट, वर ताडपत्री, दोन्ही कडांना बाकडी. गेल्या वर्षी तिचा खांदा धरला. खाडीच्या मध्यावर पाणी चाकाला सारखे हिसके देतं, ते हिसके तिच्या खांद्यात उतरायचे. डॉक्टरांनी चाक सोडायला सांगितलं. नवरा म्हणाला, बोट विकून टाक आणि घरी बस. घरी बसून तुमचंच तोंड बघू का, असं तिने विचारलं. पण रात्री ती कुशीवर वळू शकत नव्हती, हे त्याला माहीत होतं आणि तिलाही.

तोडगा काढला लेकीने. ती बोटींचं वायरिंग करते. चाक आपोआप धरून ठेवणारं यंत्र मिळतं, ऑटोपायलट, ते बसवू म्हणाली. दुकानात मीही सोबत गेलो. मला मावशी पुढारी म्हणते. दुकानदाराने गंडवायला घेतलंच, तर भांडायला माणूस हवा होता.

दुकानदाराने आधी चकचकीत पडद्याचं यंत्र पुढे केलं. त्यात नकाशा, त्यात हवामान, बोटाने नुसतं टेकवायचं. बोटीचं वजन किती, असं त्याने विचारलं. मावशीने माणसं, टोपल्या, डिझेल सगळं धरून सांगितलं. रिकामी बोट ती चालवतेच कधी? मग तिने माझी पाण्याची बाटली मागितली, बोट ओलं केलं आणि पडद्यावर टेकवलं. पडदा ढिम्म. पुन्हा टेकवलं. दुकानदार फडकं शोधायला लागला.

‘हे चालू कसं करायचं ते राहू दे,’ मावशी म्हणाली. ‘बंद कसं करायचं ते दाखव.’

मोर्च्यात इतकी वर्षं घसा फोडून मला एवढं नेमकं बोलायला जमलेलं नाही.

शेवटी साधं यंत्र घेतलं. चाकावर बसणारी मोटर, एक होकायंत्राची डबी आणि जाड बटणं. एक बटण दाबलं की बोटीचं नाक आहे त्या दिशेला धरून ठेवतं. बाजूची बटणं दाबली की नाक थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. मोठं लाल बटण दाबलं की चाक लगेच मोकळं. लेकीने डबीजवळचा लोखंडी पेटारा हलवला, नाहीतर होकायंत्र चकलं असतं. सुरुवातीला यंत्र प्रत्येक लाटेला चाक वळवत होतं, घाबऱ्या नवशिक्यासारखं. तिने त्याची चपळाई कमी केली, तेव्हा ते शांत झालं.

मावशीच्या खांद्याचं दुखणं उतरलं. ती झोपायला लागली. आणि एका सकाळी, भरल्या बोटीत, तिने बटण दाबलं, चाक सरळ राहिलेलं बघितलं आणि सवयीने मागे तोंड करून बसली. नर्सबाईशी गप्पा रंगल्या.

यंत्राने नाक सोडलं नव्हतं. नाक बरोबर पलीकडच्या धक्क्याच्या दिशेलाच होतं. पण ओहोटी लागली होती आणि पाणी अख्ख्या बोटीला आडवं ढकलत होतं. यंत्राला दिशा कळत होती, ढकललं जाणं कळत नव्हतं. बोट गाळात रुतली. कुणाला लागलं नाही, पण भरती येईपर्यंत सगळे तिथेच, आणि दवाखान्यात रात्रपाळीवाल्या ताटकळत.

धक्क्याच्या कमिटीने बैठक बोलावली. यंत्र काढा, नाहीतर बोट बंद, असं सेक्रेटरीने आल्या आल्या जाहीर केलं. यंत्र काढलं की खांदा जाणार, म्हणजे बोट बंदच. माझं डोकं फिरलं. मी उठून सेक्रेटरीची बापजाद्यांपासून हजेरी घ्यायला सुरुवात केली. मावशीने माझा सदरा खाली ओढला.

‘पुढारी, बसा. चूक माझी आहे, मला बोलू द्या.’ ती उभी राहिली. ‘त्या डबीचा काही दोष नाही. मी तिला माणसाचा मान दिला. माझ्या बापाने मला पाठ दाखवली, ती पाण्याची ओढ मला कळते म्हणून. डबीला फक्त नाक कळतं. यापुढे हात तिचे, डोळे माझे. पाठ दाखवीन ती लेकीला.’

सेक्रेटरी लगेच विरघळला नाही. आधी स्वतः बसून बघतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी ओहोटीलाच निघालो. मावशी चाकामागे उभी, दुखरा हात लाल बटणाशी नुसता टेकलेला, दुसऱ्याने मधूनमधून नाक ओढीच्या उलट थोडं थोडं सरकवत होती. मध्यावर सेक्रेटरीने मागून हाक मारली, मावशी, मोठा मुलगा काय म्हणतो? मुद्दाम मारली, हे मी पैजेवर सांगतो.

मावशी वळली नाही. उत्तरही दिलं नाही. धक्क्याला दोर टाकून झाल्यावर त्याच्याकडे फिरली आणि म्हणाली, ‘बरा आहे. तुमची चौकशी करत होता.’

बोट चालू आहे. मावशी कुशीवर झोपते. पण जुनी गिऱ्हाइकं अजून मागून हाका मारतात आणि उत्तर आलं नाही की फुगतात, म्हणून हे लिहितोय. तिच्या बोटीत बसलात, आणि तिचे हात चाकावर नाहीत असं दिसलं, तर तिच्या डोळ्यांकडे बघा. काही बोलायचं असलं तर पुढे जाऊन तिच्या शेजारी उभे राहा. कृपा करून तिला मागून हाक मारू नका.