औंढ्यातल्या खाचराचा फोटो

मळवलीला लोकलमधून उतरले तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. माझ्यासोबत उतरले ते रिकाम्या कॅन घेतलेले दोन दूधवाले आणि गडावर निघालेला एक घोळका. ऑक्टोबर संपत आला होता. समोर विसापूर धुऊन पुसून ठेवल्यासारखा दिसत होता, त्याच्या कडेनं लोहगडाचा माथा डोकावत होता. युनिटची जीप यायची होती, म्हणून स्टेशनबाहेरच्या टपरीवर वडापाव मागितला. टपरीवाल्यानं आधी माझ्या बॅगेकडे पाहिलं.

"शूटिंगवाल्या का प्लॉटवाल्या?"

"शूटिंगवाली. का हो?"

"काय न्हाई. इचारलं."

त्यानं वडापाव कागदात गुंडाळून दिला आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी फ्रीलान्स फोटोग्राफर आहे. महिन्यातले काही दिवस मासिकांसाठी फिरते, उरलेले सिनेमाच्या सेटवर. तिथे माझं काम स्टिल्सचं, म्हणजे चित्रीकरण चालू असताना कॅमेऱ्याशेजारी उभं राहून पोस्टरसाठी, वर्तमानपत्रांसाठी छायाचित्रं काढण्याचं. आपण तिथे आहोत हे कुणाच्या लक्षात येऊ नये, ही या कामाची पहिली अट. नटीला शटरचा आवाज ऐकू गेला तर मी तिच्या मनातून कायमची उतरलेच समजा. पंधरा वर्षांत मला नजरेआड राहण्याची इतकी सवय झाली आहे, की कुणी रोखून पाहिलं तर मीच दचकते. त्या गुरुवारी सकाळपासून सगळेच रोखून पाहत होते.

शूटिंगचा बंगला औंढ्याच्या बाहेर, भातशेतीच्या कडेला होता. फाटकावर राखणदार चाँदभाई उभे होते. साठीचे, पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात पेन. त्यांनी जीपचा नंबर एका वहीत लिहिला, मोबाइलवर गाडीचा फोटो काढला आणि मला विचारलं,

"तुमी काय करता?"

"फोटो काढते."

"कशाचे?"

"नटनट्यांचे."

"आन् शेताचे?"

"लागले तर शेताचेही."

त्यांनी वहीत आणखी काहीतरी लिहिलं. माझ्याबद्दल काय लिहिलं असेल, हा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही.

पहिल्या दिवशीचा प्रसंग अंगणात होता. दुपारी जेवणाची सुट्टी झाली. पुरी-भाजीच्या रांगेत उभं राहण्याऐवजी मी कुंपणापलीकडे गेले. भात कापून झालं होतं. खाचरात (बांध घातलेल्या भातशेतात) पेंढ्या पसरल्या होत्या आणि कोपऱ्यात उडवी (पेंढ्यांची रास) रचायला घेतली होती. उन्हात सगळं सोन्याच्या रंगाचं झालं होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि भिंगासमोर एक तळहात आला.

"फोटू न्हाई काढायचा."

हातात विळा, डोक्याला पदर घट्ट बांधलेला, सत्तरीला टेकलेली बाई. कौसल्यामावशी. शेत त्यांचं होतं.

"मावशी, नुसता पिकाचा काढत होते."

"पिकाचा बी न्हाई, बांधाचा बी न्हाई. जा बाय तुज्या शूटिंगला."

मी मागे फिरले. कुंपणाशी चाँदभाई उभे राहून पाहत होते. माझी त्यांच्याशी नजरानजर होताच त्यांनी वही खिशात घातली आणि कुणाला तरी फोन लावला. संध्याकाळी फाटकापाशी एक मोठी गाडी थांबली. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला माणूस उतरला आणि चाँदभाईंशी बराच वेळ बोलला. बोलताना तो हातातल्या चकचकीत कागदानं मावशींच्या शेताकडे खूण करत होता. चाँदभाई मान हलवत होते. हा राखणदार इकडची खबर तिकडे देतो, हे माझ्यापुरतं ठरून गेलं.

शुक्रवारी दुपारी मी कॅमेरा बंगल्यात ठेवला आणि रिकाम्या हातांनी मावशींच्या घरी गेले. पत्र्याचं छप्पर, निळ्या रंगाच्या भिंती, दारावर बुद्धाची लहानशी मूर्ती. मावशी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझे हात पाहिले, मग मागे कुणी आहे का ते पाहिलं, मग बसायला सांगितलं. थोड्या वेळानं कोरा चहा आला.

"फोटोला एवढं का घाबरता मावशी?"

"भ्यायला काय झालं? राग येतो." त्या आत गेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद घेऊन आल्या. "वाच."

प्लॉटविक्रीचं पत्रक होतं. 'निसर्गाच्या कुशीत तुमचं हक्काचं घर' असं वर मोठ्या अक्षरांत, आणि खाली पानभर हिरवंगार खाचर, पाण्यात उतरलेलं आभाळ, मागे धुक्यात बुडालेला डोंगर.

"त्यांनी घेतलंय ते पल्याडचं माळरान," मावशी म्हणाल्या. "निस्ता खडक हाय तितं. पर कागदावर दाखवत्यात माजं खाचर. मंग ऐतवारी पुन्याची मान्सं येत्यात, बूट घालून माज्या शेतात हिंडत्यात. मागल्या म्हयन्यात तर हितं चुन्याची फक्की मारून गेले. घराची आखनी म्हनं! आन् आता रोज सांगावा. मावशी, सगळी बघून गेल्यात, देऊन टाका."

मी कागद हातात धरून बसले होते. बांधाजवळ विजेचा एक वाकडा खांब होता आणि तो चौकटीच्या अगदी कडेला ठेवला होता. असा खांब कापायचा मोह कुणालाही होतो. मी तो ठेवते, कारण त्यानं चित्राला खोली येते. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत, एका सिनेमाच्या रेकीसाठी (चित्रीकरणाच्या जागांच्या पाहणीसाठी) एका लोकेशन एजंटबरोबर मी मावळात फिरले होते. एका दिवसात बारा गावं, धो धो पाऊस, मागच्या वाटेनं येणं आणि पाच मिनिटांत निघणं. औंढं त्यातलंच एक. जागा मला ओळखूही आली नव्हती. फोटो मात्र ओळखला.

मावशी माझ्याकडे पाहत होत्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले,

"मावशी, तो राखणदार त्यांना सामील असेल. काल त्याच्याशीच बोलत होते ते. वहीत सगळं लिहितो."

मावशींनी सूप खाली ठेवलं.

"चाँद? त्याचा बाप आन् माजा सासरा, दोघांनी मिळून ह्यो बांध घातलाय. मला लिवता येत न्हाई म्हनून त्यो गाड्यांचे नंबर लिवून ठेवतो. तलाठ्याला दाखवायला. त्यांच्याशी बोलतो ते बी तिकडची खबर मला द्यायला." त्यांनी माझ्या हातातून कागद काढून घेतला. "तू आलीस दोन दिस. लगेच त्याच्यावर बोट ठेवलंस व्हय?"

मी उठले. दुपारचा सगळा वेळ नटीच्या रडण्याच्या दृश्याचे फोटो काढत होते आणि एकही धड येत नव्हता. संधी मिळताच एजंटला फोन लावला.

"औंढ्याचा तो पावसातला फोटो तुम्ही कुणाला दिलात?"

"कुठला? मॅडम, शेकडो फोटो असतात. लोक मागतात, आपण पाठवतो."

"तो सिनेमासाठी काढला होता."

"तुम्ही पाठवताना म्हणालात का, पुढे कुणाला देऊ नका म्हणून?"

मी म्हणाले नव्हते. रेकीचे ऐंशी फोटो मी गाडीतूनच पूर्ण आकारात पाठवले होते आणि विसरून गेले होते.

शनिवारी सकाळी पहिल्या शॉटच्या आधी लॅपटॉप घेऊन मावशींच्या ओट्यावर गेले. चाँदभाईही तिथेच होते. बशीत चहा ओतून पीत होते. बरं झालं. दोघांसमोर एकदाच सांगता आलं.

"मावशी, पत्रकावरचा फोटो मी काढलाय."

चाँदभाईंनी बशी हळूच खाली ठेवली. मी एजंटचं सांगितलं, काल खरं न बोलता चाँदभाईंचं नाव पुढे केलं हेही सांगितलं. मग मूळ फोटो उघडला. पत्रकावर त्याचा उजवा भागच वापरला होता. मूळ चित्रात डावीकडे निळं घर होतं, विहीर होती, आणि चिखलात वाकून आवण (भाताची रोपं) लावणारी, पाठीवर मेणकापड पांघरलेली एक बाई होती.

मावशी पडद्याच्या अगदी जवळ गेल्या.

"ही मी हाय."

"हो."

"मला काढून टाकलं त्यांनी?"

"हो."

"आन् घर बी?"

मी मान हलवली. मला वाटलं, आता हाकलून देतील. चाँदभाई म्हणाले, "ताई, वहीत मी तुमचं बी नाव लिवलंय. पयल्याच दिशी. पिशवीवाली बाई, इचारलं तर गुळमुळीत बोलती." ते हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही.

शेवटी मावशी म्हणाल्या, "ह्यो आख्खा फोटू मोठा करून मिळंल का? पुढाऱ्याचा लावत्यात तेवढा?"

पाच वाजता पॅकअप झाल्यावर चाँदभाईंच्या मोटारसायकलवर मागे बसून लोणावळ्याला गेले. बाजारात चिक्कीच्या दुकानांसमोर मुंबईच्या गाड्या दुहेरी रांगेत उभ्या होत्या. गुळाचा आणि शेंगदाण्याचा वास रस्ताभर भरला होता. गल्लीतल्या फ्लेक्सवाल्यानं फोटो पाहून विचारलं, "वाढदिवस का मावशींचा?"

"नाही. खाली लिहा, हे शेत माझं आहे. विकायचं नाही."

त्याचा हात थांबला. "भांडणाचं आहे का काही? नंतर माझं नाव यायला नको."

"तुमचं येणार न्हाई," चाँदभाई म्हणाले. "फोटो काढनाऱ्याचं टाका."

ते माझ्याकडे पाहत होते. मी माझं पूर्ण नाव सांगितलं.

रविवारी सकाळी मावशी आणि चाँदभाईंनी दोन बांबू ठोकून फ्लेक्स रस्त्याच्या तोंडाशी बांधला. माझं शूटिंग बंगल्याच्या गच्चीवर होतं, तिथून सगळं दिसत होतं. दहाच्या सुमारास दोन गाड्या आल्या. पांढऱ्या शर्टवाला पुढे, मागे पुण्याचं एक जोडपं. बाईंनी हातातलं पत्रक उघडलं, फ्लेक्सकडे पाहिलं, पुन्हा पत्रकाकडे पाहिलं. दिग्दर्शकाची परवानगी घेऊन मी खाली धावले.

"हा फोटो कुणी दिला हिला?" पांढऱ्या शर्टवाला ओरडत होता.

"मी. माझाच आहे. तुम्ही मला न विचारता वापरलात, यांनाही न विचारता."

"तुम्हाला या धंद्यात राहायचंय ना मॅडम?"

तेवढ्यात जोडप्यातल्या बाईंनी मावशींना विचारलं, "आजी, मग आमचा प्लॉट कुठे येतो?" मावशींनी विळ्याचं टोक पलीकडच्या माळरानाकडे केलं. दोघं तिकडे खडकावर चढून गेली, उन्हात थोडा वेळ उभी राहिली आणि परत येऊन गाडीत बसली. बाईंनी खिडकीतून पत्रक शर्टवाल्याला परत दिलं.

निघताना चाँदभाईंनी त्यांच्या घरी जेवू घातलं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. मावशी दारात उभ्या राहिल्या.

"त्यो फोटू तुज्या मशीनमदनं पुसून टाक."

"मावशी, तुमच्याच उपयोगाला येईल पुढे."

"माज्याकडं हाय की आता. चाँदकडं बी हाय. हितं मी राखन करीन. तुज्या पेटीतली राखन कोन करनार?"

मी त्यांच्यासमोर पुसला.

"घरी आनिक एक असंल."

"आहे," मी म्हणाले.

परतीची लोकल अर्धी रिकामी होती. कामशेत, वडगाव, तळेगाव मागे पडत गेली आणि प्रत्येक स्टेशनामागच्या शेतांकडे पाहताना मी मनातल्या मनात मोजत होते, इथे मी कधी उतरले होते, कुणाला काय पाठवलं होतं. मला आठवेना. नजरेआड राहणं हे मी माझं कौशल्य समजत आले. ते माझ्या सोयीचंही होतं, हे कधी मनात आलं नव्हतं.

घरी पोचताच कपाटातली जुनी डिस्क काढली. फोटो चांगला होता. इतका चांगला फोटो मला वर्षातून दोनदाही मिळत नाही. तो पुसला आणि चाँदभाईंना फोन करून मावशींना द्यायला सांगितलं.

"पुसला मावशी. घरचाही."

मावशींनी विचारलं,

"शपथ?"

"शपथ."

"बघू," मावशी म्हणाल्या आणि फोन चाँदभाईंच्या हातात गेला.