सोनबाच्या म्हशीच्या गळ्यातला जीपीएस

सोनबा रेणुसे हा वेल्ह्यातला सगळ्यात हुशार माणूस आहे, असं सोनबाचं मत आहे. माझं मत वेगळं आहे. पण सातवीत त्याला विज्ञान मीच शिकवलं, म्हणून फार बोलत नाही. भोरला राहून तो मोटर वायंडिंग शिकला, इथं बाजारात दुकान टाकलं आणि गेली अठ्ठावीस वर्षं लोकांचे जळालेले पंप जिवंत करतो आहे. काम चोख. वायदा एकही पाळलेला नाही.

त्याच्या घरी एक म्हैस आहे. दिवस भरले की ती बाकीच्या जनावरांतून फुटते आणि डोंगरातल्या करवंदीच्या जाळीत जाऊन एकटी विते. मागच्या खेपेला तिला शोधायला दोन दिवस लागले. तोवर रेडकू बिबट्यानं नेलं होतं. सोनबाची आई धोंडाबाई चार दिवस नीट जेवल्या नाहीत. आता म्हैस पुन्हा गाभण, आणि दिवस भरत आलेले.

"बांधून ठेवा," मी म्हटलं. अतिशय सोपा उपाय.

"तुमीच बांधून दावा, बाई," धोंडाबाई म्हणाल्या. "दोन दावी तोडलीत तिनं. तुमच्या वर्गातली पोरं न्हाईत ती."

मग सोनबानं मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला आणि जाहीर केलं, की म्हशीच्या गळ्यात जीपीएस बांधणार. ती कुठं आहे ते मोबाईलवर मेसेजनं कळणार. पुण्याला जाऊन त्यानं मेसेज पाठवणारा बोर्ड आणि उपग्रहावरून जागा ओळखणारं मॉड्यूल आणलं. मॉड्यूल कसं निवडलं, तर दुकानदारानं तीन पुढं ठेवली आणि यानं तिन्ही तळहातावर तोलून पाहिली. वायंडिंगवाल्याचा नियम: जड मोटर म्हणजे आत तांबं जास्त, म्हणजे माल चांगला. उपग्रहाचा आणि वजनाचा काय संबंध, हे विचारायची त्याला गरज वाटली नाही. आणि नशीब बघा, जे जड होतं त्याच्यावरच बिस्किटाएवढी मोठी अँटेना होती, म्हणजे तिन्हींत तेच बरं. अडाणीपणाला असं फळ मिळालं की माणूस कायमचा बिघडतो.

दोन दिवसांनी तो माझ्या ओट्यावर हजर.

"बाई, मॉड्यूल मुकं हाय. बोर्डाशी बोलतच न्हाई."

मी तारा पाहिल्या. मॉड्यूलची पाठवायची तार यानं बोर्डाच्याही पाठवायच्या टोकाला जोडलेली, आणि ऐकायची ऐकायच्या.

"सोनबा, तोंडाला तोंड लावून कुणी बोलतं का? एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी पाहिजे."

"सारख्याला सारखी जोडली म्या."

"तेच चुकलं."

तारा उलटवल्या. मॉड्यूल बोलायला लागलं, पण जागा सांगेना. साहेब दुकानात, पत्र्याखाली बसून तासभर वाट पाहत होते. बाहेर जा, म्हटलं. त्याला उघडं आभाळ लागतं, आणि पहिल्यांदा थोडा धीरही लागतो. रस्त्यावर आणल्यावर काही मिनिटांत दिवा लुकलुकला आणि सोनबाच्या दुकानाची बरोबर जागा माझ्या मोबाईलवर आली. माझ्या, कारण त्यानं न विचारता माझाही नंबर आत घालून ठेवला होता. दर वीस मिनिटांनी मेसेज. तेव्हापासून त्या म्हशीइतका माझ्याशी कुणाचाच संपर्क नाही.

साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत सगळं बसवून, डबी पट्ट्याला आवळून, सोमवारी म्हशीच्या गळ्यात घातली. आणि मेसेज आला: अक्षांश शून्य, रेखांश शून्य. नकाशावर टाकलं तर म्हैस आफ्रिकेजवळ भर समुद्रात.

सोनबाचा लगेच फोन. "बाई, मॉड्यूल मेलं. पुण्याला जाऊन ह्याच्यापरीस भारी आणतो."

"म्हणजे ह्याच्यापेक्षा जड. थांब, मी येते."

म्हैस गोठ्यापुढं उघड्यावर रवंथ करत उभी होती, आभाळ मोकळं. डबी मानेवर बरोबर वरच्या अंगाला. आणि डबीवर, नेमका अँटेनेच्या डोक्यावर, लाल दोऱ्यानं करकचून बांधलेला पितळी पत्रा. देवीचा टाक. हळदकुंकू लावलेला, चांगला तळहाताएवढा.

"हा कुणी बांधला?"

"म्या," धोंडाबाई म्हणाल्या. "नवी वस्तू, पूजा नको व्हय? अन् राखण कोण करणार, ती डबी?"

"धोंडाबाई, डबीला आभाळ दिसायला हवं. तुम्ही तिच्यावर पितळेचं झाकण घातलंय."

"देवीला झाकण म्हणता?"

"म्हणते."

सोनबा खाली बघत होता. अठ्ठावीस वर्षं विजेत काढलेला माणूस. पत्रा त्यालाही दिसत होता. पण आईला सांगण्यापेक्षा पुण्याला जाऊन दुसरं मॉड्यूल आणणं त्याला सोपं वाटत होतं.

"आये, टाक काढू का?" तो शेवटी पुटपुटला.

"काढलास तर म्हैसबी सोड, अन् मलाबी सोड."

आता यात विज्ञान कुठं बसवणार? मी म्हटलं, "काढू नका. खाली बांधा, गळ्याशी. देवीनं बिबट्याकडं बघायचं की आभाळाकडं?"

धोंडाबाईंनी विचार केला. "बिबट्या खालूनच येतो," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच दोरा सोडला. टाक खाली गेला आणि त्याच्या वजनानं पट्टा फिरायची भीतीही गेली. डबी वरच राहिली. हे मी धोंडाबाईंना सांगितलं नाही. एवढी मी मूर्ख नाही.

गुरुवारी सकाळी म्हैस दावं तोडून गेली. दहाच्या सुमाराला मेसेज आला, पुढच्यातही तीच जागा. म्हणजे थांबली. सोनबानं दुकानाचं शटर ओढलं, दोन गिऱ्हाइकांना 'उद्या या' सांगितलं आणि आम्ही निघालो. तो काठी घेऊन पुढं, मी मोबाईल घेऊन मागं.

नकाशानं नेलं ते ओढ्याच्या अल्याडला. तिथं फक्त दगड.

"हितं तर कायबी न्हाई," सोनबाचा आवाज बारीक झाला.

"पंधरावीस पावलं इकडंतिकडं होतंच त्याचं. बोलू नकोस, ऐक."

पल्याडच्या जाळीतून फुरफुरणं आलं. सोनबा चपला टाकून ओढ्यात शिरला. मी पोचले तेव्हा तो गुडघ्यावर बसला होता. समोर ओलं, काळं रेडकू, चारही पाय चार दिशांना टाकून उभं राहायच्या खटपटीत. म्हैस त्याला चाटत होती आणि सोनबाकडं असं पाहत होती, जसं सातवीच्या वर्गात मी त्याच्याकडं पाहायचे.

त्यानं रेडकू उचलून खांद्यावर घेतलं. सदरा चिकट झाला, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"जरा टेक की," मी म्हटलं. "दम खा."

"टेकू कुठं, बाई? मागनं ढुशी देतीया ही," सोनबा म्हणाला आणि उताराला लागला.