मूठभर तुरीवर पारखलेलं मशीन

माझा हात लवकर सुटतो. मिलमध्ये पट्टा तुटला तर मी आधी शिवी घालतो, मग पाना फेकतो आणि मग पट्टा बघतो. आळंदकडच्या एका डाळमिलमध्ये मी मिस्त्री आहे. त्यामुळे यंत्रातलं सगळं मला कळतं असा माझा समज होता. मांजरातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

लांब केसांची ती पांढरी मांजर घरात आणली माझ्या मुलीनं. कडगंचीला विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या एका बाईंची बदली झाली. जाता जाता त्यांनी ती आमच्या नववीतल्या पोरीच्या हवाली केली. आमच्याकडची मांजरं उंदीर धरतात आणि अंगणात पडून असतात. ही मात्र गादीवर झोपायची. तिचे केस उशीवर, शाळेच्या गणवेशावर, पाण्याच्या तांब्यात. एकदा भाकरीतून बोटभर केस निघाला तेव्हा मी ताट भिंतीवर भिरकावलं. वरणाचा डाग अजून आहे.

नुसत्या केसांचं असतं तर निभलं असतं. पण पोरीला लहानपणापासून दमा. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी बजावलं, घरात केस आणि धूळ राहता कामा नये. झाडून उपयोग नाही, उडून परत बसतं. एक तर मांजर घालवा, नाहीतर रोज व्हॅक्यूमच्या मशीननं ओढून काढा. मी घरी येऊन पोतं शोधायला लागलो. आमच्याकडं नको झालेली मांजर अशीच जाते. पोत्यात घालायची, तोंड बांधायचं आणि दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडून यायचं. मारत कुणी नाही, कारण मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर द्यावी लागते म्हणतात. मी मुडबीच्या पुढं सोडणार होतो.

पोरगी म्हणाली, "तिला सोडलाव तर मला बी तिथंच सोडा."

मी तिच्या कानाखाली लावली. आणि दुसऱ्या दिवशी मशीन आणायला गुलबर्ग्याला गेलो. दोन्ही गोष्टी मीच केल्या.

आम्ही मिलवाले धूळ ओढणारा पंखा एकाच रीतीनं पारखतो. मूठभर तूर खाली टाकायची. दाणा उचलला तर पंखा दमदार. मी खिशातून तूर काढली आणि दुकानाच्या फरशीवर फेकली. दुकानदार सांगायला लागला, "अण्णा, मांजराच्या केसासाठी मशीनची ताकद न्हाई, ब्रश बघावा लागतो. फिल्टर बघा." मी म्हणालो, "तू मला पंखा शिकवायलास?" तो एकेक मशीन चालू करून द्यायला लागला. पत्र्याच्या ड्रमचं, लोखंडी नळीचं सगळ्यात मोठं मशीन तूर अशी गिळायला लागलं की आजूबाजूची गिऱ्हाइकं बघत राहिली. मी छाती फुगवून तेच घेतलं.

घरी त्याचा पहिला तास भांडणात गेला. नळी वाकळेला लावली की वाकळच आत ओढली जायची आणि केस जिथल्या तिथं. मी नळी दाबली, रगडली, ड्रमला लाथ घातली. पोरगी कॉटवर बसून बघत होती. एकाएकी तिला खोकला सुटला. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात खोलीभर बारीक धूळ तरंगत होती. ओठ निळे पडायला लागले तिचे. उशीवर ती मांजर बसलेली. मला दुसरं काही दिसलं नाही.

मी नळी काढून घेतली आणि मांजरीवर हाणली. पहिला घाव मागच्या पायावर बसला. ती माणसासारखी ओरडली आणि पडद्यावर चढली. दुसरा घाव घालायला गेलो तर बायको मध्ये आली. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज झाला. तिचं मनगट होतं ते.

ती रडली नाही. दुसऱ्या हातानं तांब्या उचलून तिनं माझ्या कपाळावर घातला. डोळ्यांत रक्त आलं. "मांजराला कामून मारायलाव?" ती किंचाळली. "धूळ मशीन सोडायलंय! मागं बघा की!"

मागं बघितलं. ड्रमच्या पाठीतून धुळीचा झोत सरळ कॉटकडं येत होता. मिलमध्ये पंख्यानं ओढलेली धूळ नळातून भिंतीबाहेर पडते. ओढलेलं कुठं जातं हे मला तिथं कधी बघावंच लागलं नव्हतं. पोरीच्या तोंडात दम्याचा पंप धरून आम्ही जीपनं दवाखाना गाठला. तिला वाफ, बायकोला प्लास्टर, मला टाके. मांजर वाचली, पण लंगडी झाली.

दुसरं मशीन पोरीनं निवडलं. तिनं पिशवीत मांजरीचे केस नेले होते आणि वाकळेचा एक तुकडा. केस तुकड्यावर चोळून तिनं एकेक मशीन चालवून बघितलं. ब्रशला केस गुंडाळतात का? हवा कुठून बाहेर पडते? फिल्टरच्या कडेनं धूळ निसटते का? पिशवी काढताना सांडते का? दुकानदार तिलाच उत्तरं देत होता, माझ्याकडं बघत नव्हता. तिनं घेतलं ते लहानसं होतं. रबरी पात्यांचा फिरता ब्रश, आत कागदी पिशवी, मागं दाट फिल्टर. तुरीचा दाणा त्याला जेमतेम उचलता यायचा, पण वाकळ कोरी केली त्यानं. मला लाज वाटली. ती बोलून दाखवता येईना म्हणून मी रोज कामावरून आलो की घरभर मशीन फिरवायला लागलो. पिशवी लांब उकिरड्यावर नेऊन टाकायचो.

काही महिन्यांनी तपासणीला गेलो. घरात औषधाला केस सापडत नव्हता, तरी पोरीला दोनदा धाप लागली होती. मशीन बरोबर, फिल्टर बरोबर, मग आता काय राहिलं, असं मी डॉक्टरांवरच आवाज चढवून विचारत होतो. त्यांनी मला थांबवलं आणि तिला विचारलं, "कधी लागते धाप? मांजर जवळ असली की?"

"न्हाई."

"साफसफाई चालू असताना?"

"न्हाई." ती टेबलाकडं बघत म्हणाली, "अप्पा ओरडायला लागले की. हात उगारला की तर लगीच."

"खोटं बोलायलीस!" मी उठलो तशी खुर्ची मागं आपटली. हात कधी वर गेला मला कळलं नाही. पोरगी अंग चोरून खुर्चीत मागं सरकली आणि तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली.

डॉक्टरांनी स्टेथस्कोप उचललाही नाही. मला उभ्या जागी नीट ऐकू येत होतं.