शेवटची तार

पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात विमानांची चाकं दुरुस्तीला येतात. चाकाबरोबर ब्रेकच्या चकत्या फिरवणाऱ्या पोलादी पट्ट्या आत बसवायच्या, त्यांचे बोल्ट आवळायचे आणि ते सैल होऊ नयेत म्हणून पीळ दिलेल्या तारेनं जखडायचे, हे उरणच्या सुचिताचं काम. तारेची ओढ बोल्ट आवळण्याच्या दिशेनंच हवी. उलटी बांधली, तर ती असून नसल्यासारखी.

त्या सकाळी शेजारच्या मनालीला भाचीच्या हळदीची गंमत सांगता सांगता तिनं शेवटची तार बांधली. चाक तपासणीत पासही झालं. दुपारी तिनं डबा उघडला. तार कुठून वळवली, ते काही केल्या आठवेना. डबा तसाच टाकून ती तडक तपासनीस ऋषीकडे गेली.

"ऋषीसर, ते चाक परत द्या."

"अहो, पास झालंय ना! उगाच टेन्शन कशाला घेता?" तो वैतागला, पण चाक त्यानं पुढं ढकललं.

सुचितानं बॅटरी मारून पाहिलं. तार अगदी चोख होती.

"झालं समाधान?"

"तार बरोबर हाय," सुचिता म्हणाली, "पन ती बांधताना मी हलदीत नाचत होती."

आणि तिनं तार कापली.